याशिका इलेक्ट्रो ३५ आणि व्हिव्हिटार २८३: एकमेकांशी न बोलणारी दोन स्वयंचलित यंत्रं

याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन हा कॅमेरा स्वतः एकच गोष्ट ठरवतो: शटर किती वेळ उघडं ठेवायचं. रोल किती एएसएचा आहे (म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे), ॲपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत येण्याचं भोक, किती हवं, माणूस किती फुटांवर उभा आहे, हे सगळं त्याला आपणच सांगायचं असतं. त्याच्या डोक्यावर व्हिव्हिटार २८३ सारखा ऑटो फ्लॅश चढवला की दुसरं यंत्र कामाला लागतं आणि तेही स्वतः एकच गोष्ट ठरवतं: उजेड कधी तोडायचा. ही दोन यंत्रं एकमेकांशी काहीही बोलत नाहीत. कॅमेऱ्यावर ॲपर्चर बदललं तरी फ्लॅशला त्याचा पत्ता नसतो. दोघांमध्ये निरोप पोचवायचं काम आपलं, आणि बिघडलेले बहुतेक फोटो न पोचलेल्या निरोपामुळेच बिघडतात.

मूळ इलेक्ट्रो ३५ १९६६ साली आला आणि जीएसएन १९७३ साली. जीएसएनच्या डोक्यावर हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची विजेच्या संपर्काची खाच आहे, त्यामुळे फ्लॅशला वायर जोडावी लागत नाही. भिंग ४५ मिमी, एफ/१.७ (एफचा आकडा जितका लहान तितकं ॲपर्चर मोठं), आणि या किमतीच्या जुन्या कॅमेऱ्यांत मला अजूनही सर्वांत आवडणारं. शटर भिंगाच्या आतच आहे, पात्यांचं, आणि तीस सेकंदांपासून १/५०० पर्यंत कुठलाही वेळ ते टप्प्यांशिवाय देऊ शकतं. हे पात्यांचं शटर फ्लॅशच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. त्याचा उपयोग पुढे येईल.

जुना कॅमेरा घेताना रोल भरण्याआधी सेल टाकून पाहणं अटळ आहे. मूळ सेल पाऱ्याचा, ५.६ व्होल्टचा होता. तो आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ चालतो आणि निकालात फरक दिसत नाही. पण हा सेल मूळ सेलपेक्षा बारीकही आहे आणि आखूडही. तयार अडॅप्टर मिळाला तर उत्तम. नाहीतर जाड कागदाची नळी करून सेल तिच्यात बसवायचा, म्हणजे तो मध्यभागी राहतो, आणि उरलेली जागा विजेरीतल्या स्प्रिंगने भरायची. ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पहिल्या दिवशी चालतो, मग दबून सैल होतो आणि ऐन वेळी संपर्क तुटतो. सेलच्या घरात हिरवा-पांढरा गंज असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा, मग साध्या पाण्याच्या ओलसर काडीने, मग पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. गंज आतल्या वायरीपर्यंत गेला असेल तर पुसून भागत नाही, वायर बदलावी लागते.

मागचं बटण दाबलं की वरचा हिरवा दिवा लागायला हवा. तो लागला म्हणजे सेल ठीक आहे, एवढंच कळतं. खरी परीक्षा पुढे आहे. फिल्म पुढे सरकवणारी ॲडव्हान्सची दांडी ओढताना शेवटी आतून ‘ठक्क’ असा जड आवाज आला पाहिजे. तो येत नसेल तर आतला छोटा रबरी पॅड झिजून गेला आहे. या कॅमेऱ्याचा हा सर्वांत प्रसिद्ध आजार. पॅड गेला की आतले संपर्क वेळेवर जुळत नाहीत: दिवे भलत्या वेळी लागतात किंवा लागतच नाहीत, आणि शटर उजेडाप्रमाणे वागेनासं होतं. दुरुस्ती होते, पण त्यासाठी वरचं झाकण उघडावं लागतं. विकणारा ‘सेल टाकला की सुरू होईल’ म्हणत असेल तरी हा आवाज ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुसरी परीक्षा अंधाराची. मोड ‘ऑटो’वर ठेवून समोरच्या, उजेड मोजणाऱ्या मीटरच्या खिडकीवर बोट धरायचं आणि बटण दाबून ठेवायचं. शटर उघडून तसंच राहिलं पाहिजे. बोट उचललं की मिटलं पाहिजे. असं झालं तर मीटर, सर्किट आणि शटर तिन्ही जिवंत आहेत. खिडकीवर बोट असो वा नसो, शटर टचकन एकाच आवाजात मिटत असेल, तर सर्किटपर्यंत वीज पोचत नाही. सेल नसताना ‘ऑटो’वर हे शटर १/५०० नेच चालतं. (त्याचा एक उपयोग आहे. बाहेर कडक ऊन असताना सेल संपला तर ४०० चा रोल आणि एफ/१६ यावर काम चालवता येतं.)

मागच्या दाराच्या खाचांमधला फोम या वयाच्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांत डांबरासारखा चिकट झालेला असतो. तो तसाच ठेवला तर रंगीत निगेटिव्हवर कडेने लालसर-नारिंगी पट्टे येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने तो खरवडून काढायचा, कॅमेरा उलटा धरून, म्हणजे तुकडे भिंगाच्या मागच्या काचेवर पडत नाहीत. अरुंद खाचांत काळी लोकर बसवली तरी उजेड थांबतो. बिजागरीच्या बाजूला मात्र पातळ काळा फोम किंवा फेल्टची पट्टीच लागते.

रोल भरणं सोपं आहे, तरी घाई नको. रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत गुंडाळायची, खुंटी वर ओढली की दार उघडतं. रोल डावीकडे, फिल्मचं टोक उजवीकडच्या फिरकीच्या फटीत, आणि दोन्ही कडांची भोकं दात्यांवर बसलेली दिसल्याशिवाय दार लावायचं नाही. दार लावल्यावर रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून सैल फिल्म ताणून घ्यायची. मग दांडी ओढताना खुंटी उलट्या दिशेने आपोआप फिरली, तर फिल्म पुढे सरकते आहे. ती फिरत नसेल तर छत्तीस फोटो ‘काढूनही’ रोल कोराच राहतो. आकड्यांवर विश्वास ठेवू नये. फिल्म सरकली नाही तरी आकडे पुढे जातातच.

आता एएसए. या कॅमेऱ्याला रोलवरचा, एएसए सांगणारा काळा-पांढरा कोड वाचता येत नाही. एएसएची चकती २५ पासून १००० पर्यंत आपणच लावायची. रोल भरल्याबरोबर लावायची, कारण नंतर आत काय आहे हे दार उघडल्याशिवाय कळत नाही. रोलच्या डबीचा एक तुकडा कापून कॅमेऱ्याच्या पाठीवर चिकटवला की प्रश्न मिटतो.

‘ऑटो’मध्ये काम असं चालतं: ॲपर्चर आपण लावतो, बटण अर्धं दाबतो आणि दिव्यांकडे पाहतो. पिवळा बाण लागला तर शटर १/३० पेक्षा मंद पडणार आहे. हात स्थिर ठेवा किंवा बाणाच्या दिशेने कडी फिरवून ॲपर्चर उघडा. लाल बाण लागला तर १/५०० सुद्धा पुरणार नाही, ॲपर्चर मिटा. कुठलाच लागला नाही तर वेळ या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. नेमका किती, ते हा कॅमेरा कधीच दाखवत नाही. म्हणून अंदाज डोक्यात असलेला बरा. कडक उन्हात एफ/१६ ला शटरचा वेळ रोलच्या एएसएइतका येतो: १०० च्या रोलला १/१००, ४०० च्या रोलला १/४००. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात ४०० चा रोल घेऊन एफ/११ वर गेलात की लाल दिवा लागणारच. बाहेरच्या कामाला १०० किंवा २०० चा रोल, मंडपात आणि घरात ४०० चा, हा हिशेब इथून येतो.

मीटरची खिडकी भिंगाच्या मागे नाही, बाहेर समोरच्या बाजूला आहे. याचे परिणाम तीन. भिंगाचं झाकण तसंच राहिलं तरी दिवे व्यवस्थित वागतात आणि फोटो मात्र काळा येतो. व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकीही वेगळी असल्यामुळे झाकण दिसत नाही. दुसरं, फिल्टर लावला तर मीटरला तो कळत नाही: एक स्टॉप उजेड खाणारा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) पिवळा फिल्टर असेल तर ४०० च्या रोलला चकती २०० वर. तिसरं, बोट नकळत खिडकीवर आलं की फोटो पांढरा फटक. कॅमेरा उभा धरताना हे विशेष जपावं.

पाठीमागून उजेड असेल, म्हणजे माणूस खिडकीसमोर किंवा समुद्राकडे पाठ करून, तर मीटर मागचा उजेड वाचतो आणि चेहरा काळवंडतो. उजेड धरून ठेवायची कळ या कॅमेऱ्यात नाही. उपाय एएसएच्या चकतीनेच: ४०० ची २०० केली की एक स्टॉप, १०० केली की दोन स्टॉप जास्त उजेड. फोटो झाला की चकती लगेच परत. रंगीत निगेटिव्हला दोन स्टॉप जास्त उजेड सहज पचतो. एक स्टॉप कमी पडला की सावल्या करड्या आणि दाणेदार होतात. शंका असेल तर चकती खालीच न्यावी. स्लाइड फिल्मला हा नियम लावू नये, तिथे जास्त उजेडाने तपशील कायमचा जातो.

रात्री देवळाची दीपमाळ टिपायची असेल तर तिपाई आणि केबल रिलीज (कॅमेरा न हलवता बटण दाबायची तार) लागतेच. इथे दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध खेचतात. मीटर काळं आकाश पाहून गरजेपेक्षा जास्त वेळ देतो. उलट फिल्म लांब वेळेत मंदावते: इलफर्ड एचपी५ प्लसला मीटरने दहा सेकंद मोजले तर प्रत्यक्षात वीसच्या आसपास लागतात. निगेटिव्हवर या दोन्ही बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात, म्हणून मी चकतीला हात लावत नाही. पण चौकटीत काळं आकाश कमी आणि दिव्यांनी उजळलेला दगड जास्त असेल, तर चकती एक स्टॉप खाली नेतो.

आता फ्लॅश. व्हिव्हिटार २८३ चा गाइड नंबर १०० एएसएला १२० फूट. म्हणजे पूर्ण ताकदीने फ्लॅश उडाला तर फुटांतलं अंतर गुणिले ॲपर्चर बरोबर १२०. रोल ४०० चा असेल तर २४०. पण बहुतेक वेळा तो पूर्ण ताकदीने उडवायचाच नसतो. पुढच्या बाजूला सेन्सर आहे, समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की थायरिस्टर नावाचा आतला विजेचा स्विच उजेड तोडतो. उरलेली वीज ती साठवणाऱ्या कपॅसिटरमध्येच राहते, त्यामुळे जवळच्या माणसाचा फोटो काढल्यावर फ्लॅश लगेच पुन्हा तयार होतो आणि सेलही जास्त टिकतात.

सेन्सरवर चार रंगांच्या जागा आहेत. १०० एएसएला पिवळा म्हणजे एफ/२.८, लाल एफ/४, निळा एफ/८, जांभळा एफ/११. ४०० चा रोल असला की प्रत्येक दोन स्टॉप सरकतो: पिवळा एफ/५.६, लाल एफ/८, निळा एफ/१६. फ्लॅशवरच्या चकतीत एएसए लावलं की हे समोरच दिसतं. जो रंग निवडाल त्याचंच ॲपर्चर भिंगावर लावायचं. हाच तो निरोप. पिवळ्याची पोच साधारण ४३ फूट, लालची ३०, निळ्याची १५. त्यापलीकडे फ्लॅश पूर्ण उडूनही उजेड कमी पडतो.

बरीच वर्षं पडून असलेला फ्लॅश लगेच उडवू नये. नवे सेल टाकून तयारीचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, काही मिनिटं तसाच राहू द्यायचा, बंद करायचा, पुन्हा तेच करायचं. कपॅसिटर असा हळूहळू सावरतो. आतून शिट्टी वाजत राहिली आणि दिवा लागलाच नाही तर कपॅसिटर गेला असण्याची शक्यता मोठी. झाकण उघडून पाहू नये, बंद फ्लॅशमध्येसुद्धा शेकडो व्होल्ट साठलेले असतात. आणखी एक इशारा: जुन्या २८३ च्या पायाच्या संपर्कावरचा व्होल्टेज दोनशेच्या वर असू शकतो. याशिकाच्या यांत्रिक संपर्काला ते चालतं. तोच फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर लावला तर कॅमेरा जळू शकतो.

फ्लॅशसाठी कॅमेऱ्याचा मोड विजेच्या खुणेवर आणला की शटर १/३० वर ठरून जातं, मीटर काहीही सांगो. या १/३० मध्येच मंडपातल्या फोटोचं सगळं गुपित आहे. चांगल्या उजळलेल्या कार्यालयात ४०० च्या रोलला १/३० आणि एफ/२.८ एवढ्यावर नुसत्या दिव्यांच्या उजेडातच फोटो येतो. अशा ठिकाणी फ्लॅश लावून एफ/२.८ ठेवलं तर फिल्मवर दोन चित्रं उमटतात: एक फ्लॅशचं रेखीव, एक दिव्यांचं हललेलं. अक्षता टाकणाऱ्या हाताला भुतासारखी सावली चिकटते. एफ/१६ ठेवलं तर पाहुणे उजळ आणि मागे काळाकुट्ट पडदा, जणू लग्न गुहेत लागलं. एफ/५.६ वर मागचा उजेड दोन स्टॉप खाली राहतो: तोरणं दिसतात, माणसं ओळखू येतात, पण हालचाल उमटत नाही. आणि ४०० च्या रोलला पिवळ्या सेन्सरचं ॲपर्चर नेमकं एफ/५.६ च आहे. मंडपासाठी याहून चांगली जोडी मला ठाऊक नाही.

सेन्सर फसतो तो चमकत्या गोष्टींनी. चौकटीच्या मध्यात पितळी समई असेल, पैठणीचा जरीचा पदर थेट समोर असेल, गणपतीच्या मखरात आरसा किंवा चमकी असेल, तर उजेड झटकन परततो, सेन्सरला वाटतं झालं काम, आणि चेहरे काळे येतात. उलट काळा कोट घातलेला नवरदेव चौकट भरून उभा असेल तर चेहरा पांढरा पडतो. दोन माणसं कडांना आणि मध्ये मोकळी जागा असेल, तरी सेन्सर मधल्या लांबच्या भिंतीकडे पाहतो आणि माणसांवर जास्त उजेड पडतो. आरसा असेल तिथे सरळ उभं न राहता तिरपं उभं राहावं, म्हणजे चमक सेन्सरकडे परत येत नाही. तेही जमत नसेल तर सेन्सर ‘एम’वर, म्हणजे पूर्ण ताकदीवर करून ४०० च्या रोलचा हिशेब हाताने करावा: २४० भागिले फूट. पंधरा फुटांवर एफ/१६, तीस फुटांवर एफ/८. पंधरा फुटांच्या आत एफ/१६ सुद्धा पुरत नाही, आणि भिंग त्यापुढे मिटत नाही. तेव्हा फ्लॅशच्या तोंडावर पांढऱ्या सुती रुमालाचा एक पदर धरावा, साधारण एक स्टॉप उजेड कमी होतो.

फ्लॅशचा उजेड अंतराने फार वेगाने उतरतो. पहिली रांग सहा फुटांवर आणि मागची बारा फुटांवर असेल तर मागच्यांवर दोन स्टॉप कमी. समूहफोटोत माणसांना कॅमेऱ्याभोवती किंचित कमानीत उभं करावं आणि स्वतः मागे सरकावं. अंतर वाढलं की रांगांमधला फरक आपोआप घटतो.

घरात छत पांढरं आणि फार उंच नसेल तर फ्लॅशचं डोकं वर वळवून छतावरून उजेड घ्यावा. २८३ चं डोकं वळलं तरी सेन्सर समोरच पाहत राहतो, म्हणून ऑटो चालूच राहतं. पिवळा, एफ/५.६, आणि माणूस सात-आठ फुटांवर: चेहऱ्यावर मऊ उजेड, भिंतीवर सावली नाही, डोळे लाल नाहीत. उडवल्यावर पुरेसा उजेड मिळाल्याचा दिवा लागला की नाही ते पाहावं. नाही लागला तर दोन पावलं पुढे. कापडी मंडपाच्या छताकडे मात्र डोकं वळवू नये. गुलाबी कापड असेल तर नवरी गुलाबी, पिवळं असेल तर हळद लागल्यासारखी.

पात्यांच्या शटरचा उपयोग दुपारच्या उन्हात. टोपीखाली किंवा फेट्याखाली चेहऱ्यावर गडद सावली पडते. पडद्याच्या शटरचे कॅमेरे इथे १/६० किंवा १/१२५ वर अडकतात. याशिकाचं शटर प्रत्येक वेगाला पूर्ण उघडतं, म्हणून मोड ‘ऑटो’वरच ठेवायचा, फ्लॅश तरीही उडतो. २०० चा रोल, भिंगावर एफ/११, शटर आपोआप १/४०० च्या आसपास. फ्लॅशवर मात्र लाल रंग, जो २०० एएसएला एफ/५.६ चा आहे. म्हणजे फ्लॅशला मुद्दाम दोन स्टॉप चुकीचा निरोप द्यायचा. तो कमी उजेड टाकतो, सावली उघडते, आणि ऊन उन्हासारखंच राहतं. निळा लावला, म्हणजे खरा एफ/११, तर चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

तयारीचा दिवा कपॅसिटर पूर्ण भरण्याच्या आधीच लागतो. लांबच्या फोटोआधी दिवा लागल्यावरही काही सेकंद थांबावं. चार पेन्सिल सेलांच्या जागी निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल वापरले तर फ्लॅश लवकर तयार होतो, आणि लग्नात सप्तपदीच्या वेळी हीच गोष्ट कामाला येते.

रोल संपल्यावर दांडी जोर करून ओढू नये, भोकं फाटतात. खालचं छोटं बटण दाबायचं, खुंटी बाणाच्या दिशेने सावकाश फिरवायची, शेवटी हाताला ताण सुटल्याचं जाणवतं, मग आणखी दोन फेरे. धुवायला देताना रोल कुठल्या एएसएवर वापरला ते सांगायचं फक्त तेव्हाच, जेव्हा संपूर्ण रोल कमी उजेडाच्या हिशेबाने काढला असेल. मध्येमध्ये फिरवलेल्या चकतीशी लॅबला काही देणंघेणं नसतं. रंगीत निगेटिव्ह ३७.८ अंशांवर नेहमीच्या वेळेतच धुतली जाते.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, कॅमेरा चामड्याच्या मूळ पाकिटात ठेवू नये. चामडं ओल धरतं आणि भिंगाच्या काचांमध्ये बुरशीची जाळी पसरते. घट्ट झाकणाचा डबा आणि निळे सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, त्या कढईत नंतर स्वयंपाक करायचा नाही. सेल काढून ठेवायचा, कॅमेऱ्यातला आणि फ्लॅशमधलेही. फ्लॅश महिन्यातून एकदा सेल टाकून भरावा आणि दोनचारदा उडवावा.